दहाव्या बिल्ल्यासाठी हरिहरेश्वरला

विमल, नैरोबीच्या तुझ्या शाळेत मुलींचे बालवीर पथक निघाले आणि तुला गळ्यातला निळा रुमाल मिळाला, हे वाचून मला किती आनंद झाला ते वेगळे लिहीत नाही. पण तुझ्या पत्राखाली तुझ्या भावाने, बाळने, दोन ओळी खरडल्या आहेत. मेळाव्याच्या फोटोत आजीच्या सागवानी तबकात दहा खळगे आहेत, बिल्ले मात्र नऊच का, आणि दहाव्या खळग्यात चिठ्ठी कसली, असे तो विचारतो. फोटोत इतके बारीक पाहणाऱ्या मुलाला उत्तर देणे भाग आहे. त्या दहाव्या बिल्ल्यासाठी मी गेल्या मार्गशीर्षात हरिहरेश्वरापर्यंत जाऊन आले. तुम्ही दोघांनी ही किनारपट्टी पाहिलेली नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. त्यात वैतागाचा भाग फार आहे. त्याला माझा इलाज नाही, प्रवासच तसा झाला.

आधी तबकाविषयी. वीस सालानंतरच्या दिवसांत मी अलिबागला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवीत असे. तेव्हा दहा मुली घेऊन आम्ही 'वीरबाला' नावाचे पथक काढले. गावात बोभाटा कमी झाला नाही. मुली काठ्या घेऊन समुद्रावर कवायत करतात, जखमेवर पट्ट्या बांधायला शिकतात, हे लोकांनी एक वेळ सोसले. पायांत कॅनव्हासचे बूट घालतात, हे मात्र कोणाला सोसवेना. मी हट्टाला पेटले. चित्रकलेच्या मास्तरांकडून बिल्ल्याची आकृती काढून घेतली, त्यात कंदील उंच धरलेली मुलगी उभी केली आणि तिच्याही पायांत बूट घालायला लावले. गावच्या तांबटाने पितळी पत्र्यावर ठोकून असे दहा बिल्ले करून दिले.

पुढे पथके मोडली, पुन्हा निघाली. मी त्यातून बाहेर पडले नाही. रुमाल, शिट्ट्या, निशाणे, छावणीचे फोटो, सगळे जमवून नावनिशीवार लावून ठेवत आले. तुमचे आजोबा म्हणतात, "आमच्या घरात तांदळाला फडताळ नाही, शिट्ट्यांना आहे." म्हणोत. पहिल्या दहांपैकी नऊ बिल्ले माझ्याकडे परत आले होते. राहिला होता तो कुमुदचा. माघात मुंबईला मोठा मेळावा होता, त्यात जुन्या वस्तूंचे कपाट मांडायचे होते. मुंबईच्या चिटणीसबाईंनी मला बजावले होते, "दहाच्या दहा असतील तर मधला खण तुमचा. अपुरा संच असेल तर तळाशी." तळाशी म्हणजे लोकांच्या गुडघ्यांसमोर. माझ्या आयुष्यभराच्या कामाची ती जागा नव्हे, असे मी ठरवले आणि निघाले.

रेवदंड्याहून आगबोटीने

बरोबर मथूवन्सं होत्या. वन्सं म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. त्यांना हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करायची होती, मला बिल्ला हवा होता. मी एका पिशवीत सगळे नीट भरले होते. वन्संनी तांब्या, सोवळ्याचे लुगडे, गंगाजलाची शिशी, भाजलेल्या पोह्यांचा डबा आणि शेजारणीने सांगितलेले नवस एवढे सामान घेतले होते. आगबोटीवर त्या पाणीदेखील प्यायल्या नाहीत. मात्र दुसऱ्यांच्या डब्यांत काय काय आहे ते त्यांना बसल्या जागेवरून दिसत होते आणि त्या मला सांगत होत्या.

श्रीवर्धनला आगबोट धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभी राहते. तिथून पडावात उतरायचे, आणि पडावही वाळूला लागत नाही, म्हणून शेवटचा तुकडा कोळ्याच्या खांद्यावरून. विमल, तुझी आजी दोन परीक्षा इंग्रजीतून उतरलेली बाई, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने तबकाची पेटी धरून एका कोळ्याच्या खांद्यावर बसली होती. बिल्ला मिळाला की तिथल्या तिथे खळग्यात बसवून पाहावा, म्हणून मी तबक बरोबर घेतले होते.

"बाय, हालू नको गो," तो म्हणाला. "न्हाय तं दोगंबी पान्यान."

"पेटी ओली होता कामा नये."

"पेटी पेटी काय करतंस? आत सोना हाय?"

"पितळ आहे."

"पितलंपायी यवरी वरडतंस?" असे म्हणून तो हसला आणि हसताना हलला. एक लाट पेटीवरून गेली. पुढे दुसऱ्या खांद्यावर वन्सं देवीसारख्या ताठ, कोरड्याठणठणीत बसल्या होत्या. वळून म्हणाल्या, "वहिनी, अगो पाय आखड!" किनाऱ्यावर पेटी उघडली तर तबकातल्या लाल मखमलीचा रंग सुटून माझ्या पांढऱ्या लुगड्यावर आला होता. आणि तशा अवतारात मी गावात शिरले.

श्रीवर्धन

श्रीवर्धन सुपारीचे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीवाडीत रहाटाची कुरकूर, अंगणात वाळत घातलेली सुपारी. पाय ठेवायला जागा शोधावी लागते. अलिबागला आपण अंगणात बसतो, इथे अंगणात सुपारी बसते आणि माणसे कडेकडेने चालतात. आम्ही ओळखीच्या उपाध्यांकडे उतरलो. जेवायला हळदीच्या पानातली पानगी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी होती. सोलकढी मी तीनदा घेतली, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी मनासारखी झाली.

कारण कुमुद सापडेना. मला तिच्याविषयी इतकेच ठाऊक होते की, अलिबागच्या कोर्टातल्या कारकुनाची ही मुलगी इकडे वैद्यांच्या घरी दिली. वडील वारले, घर उठले, आणि मी 'कुमुद' नावाने पाठवलेली दोन्ही कार्डे परत आली. मी घरोघर विचारले.

"कुमुद? अशी कोणी नाही हो इथे."

"वैद्यांच्या घरात पाहा."

"कुठले वैद्य? खालच्या पाखाडीतले, वरच्या पाखाडीतले, की बोर्लीचे? आणि नवऱ्याचं नाव काय?"

ते मला कोठे ठाऊक असायला! तुम्हांला तिकडे हे कदाचित कोणी सांगितले नसेल. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहितो. झाले! त्या घटकेपासून जुने नाव कोणी घेत नाही. जिला मी हजेरीत कुमुद म्हणून हाका मारल्या, जिच्या नावाचे लेबल करून ठेवले, तिचे नाव कोणीतरी तांदळात बुडवून टाकले होते आणि मी ते पोफळीच्या बागांतून शोधत फिरत होते. हजेरीपट ठेवणाऱ्या माणसाला या चालीइतका छळ दुसरा नाही.

दुपारी वन्सं विहिरीवरून आल्या. म्हणाल्या, "सापडली."

"कोण?"

"तुझी ती. वहिनी, तू मुलगी शोधत्येस. सून शोधायची असते. मी विहिरीवर विचारलं, अलिबागचं माहेर कुणाचं गो? तशी चौघी एकदम म्हणाल्या, हरिहरेश्वराच्या वैद्यांची जानकी. अर्ध्या घागरीचं काम."

वन्संना असे यश मिळाले की त्या रात्रीच्या जेवणापर्यंत ते पुन्हा पुन्हा सांगतात, आणि त्यांनी सांगितले.

हरिहरेश्वर

सकाळी बैलगाडीने निघालो. वाटेचे सांगण्यासारखे काही नाही. गाडीवान झोपत होता आणि बैलांना वाट ठाऊक होती. हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा ओहोटी होती, म्हणून वन्संनी आधी प्रदक्षिणेचा हट्ट धरला. देवळामागच्या डोंगरातून दगडी पायऱ्या एका चिंचोळ्या खिंडीतून खाली उतरतात आणि एकदम समोर समुद्र येतो. खालचे खडक लाटांनी खाऊन खाऊन मधाच्या पोळ्यासारखे झाले आहेत. ओहोटीत त्यांच्यावरून डोंगराला वळसा घालायचा. भरती आली की वाट नाही. जागा सुंदर आहे, पण शेवाळावर पाय टाकताना माणूस सौंदर्य पाहत नाही.

सगळ्यांत निसरड्या जागी खडकाला दोरी बांधलेली होती. तिथे परकर नेसलेल्या चार-पाच मुली उभ्या होत्या. एकीच्या हातात झांज होती. लाट मोठी येताना दिसली की ती झांज वाजवी आणि यात्रेकरू थांबत.

"आजी, दोरीला धरा, दगडाला नको," एक मुलगी म्हणाली. मी ऐकले. वन्संनी दगडाला धरले आणि बसल्याच. पाय मुरगळला. माझ्या आधी त्या मुलींनी त्यांना उचलून कोरड्यात नेले, एकीने कमरेचे तिकोनी फडके सोडले आणि घोट्याभोवती आठाच्या आकड्यासारखे फिरवून गाठ मारली. ती गाठ पाहून मला वन्संच्या पायाचा विसर पडला. दोरीची गाठ पाहिली, तीही माझीच. म्हणजे मी शिकवीत असे तीच.

"हे कोणी शिकवलं ग तुम्हांला?"

"जानकीकाकूंनी. आम्ही देवीच्या मुली."

"कुठल्या देवीच्या?"

"वीरादेवीच्या," ती म्हणाली. मला एवढेही ठाऊक नाही याचे तिला नवल वाटले. वन्संनी मुरगळल्या पायानिशी हात जोडले.

मुलींनीच आम्हांला वैद्यांच्या घरी नेले. कुमुद ओसरीवर भाकरीचे पीठ मळत होती. मला पाहताच पिठाचा हात पथकाच्या सलामीसारखा तीन बोटे वर करून कपाळाकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला आणि पदर सारखा करू लागला. आतून तिच्या सासूबाई आल्या. बारीक, काटक बाई, गावात त्यांना मोठी काकू म्हणतात.

"या मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "जानकी तुमचं नाव काढते. आणि यांच्या पायाला काय झालं? देवीनं राखलं म्हणायचं. आधी दर्शन घ्या."

देवघरात खाली वाकले आणि तशीच राहिले. देवांच्या ओळीत टाक होते. टाक म्हणजे देवाची आकृती ठोकलेले धातूचे लहान पत्रे, घराण्याचे, पिढ्यान् पिढ्या पूजेतले. खंडोबा, भवानी, आणि त्यांच्या शेजारी, कंदील उंच धरून, हळदीकुंकवात बुडालेली, डोक्यावर जास्वंदीचे फूल घेतलेली माझी वीरबाला. माझा दहावा बिल्ला!

"अग, हा तर..." मी म्हणाले.

"बाई, चला, चहा झालाय," मागून कुमुद घाईने म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी वाक्य तिथेच सोडले आणि उठले.

तो दिवस शुक्रवार होता. तिन्हीसांजेला गावातल्या मुली ओसरीवर जमल्या. शिट्टी नाही, कारण मुलीने शिट्टी वाजवलेली इथे चालत नाही. झांज वाजली आणि सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. देवीला तीन बोटांचा नमस्कार केला. मग पथकाचे वचन म्हटले, आणि तेही आरतीच्या चालीवर, टाळ्या वाजवीत! 'आज्ञापालन करीन' हे कलम गळाले होते आणि 'भरतीच्या वेळी कोणाला एकटे सोडणार नाही' हे नवीन घातले होते. मी कपाळाला हात लावला. वन्सं टाळ्या वाजवीत होत्या. पुढे भाजलेल्यावर काय लावायचे, बुडालेल्याच्या पोटातले पाणी कसे काढायचे, हे कुमुदने विचारले, आणि मुलींनी धडाधड उत्तरे दिली. तेवढे बरोबर होते.

मी तिला मागच्या वाडीत गाठले.

"कुमुद, हा काय प्रकार आहे?"

"बाई, लग्न होऊन आले तेव्हा बिल्ला ट्रंकेत होता. सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि म्हणाल्या, माहेरची देवी अशी लुगड्यात गुंडाळून ठेवायची असते का गो? मी तोंड उघडायच्या आत तिला दुधाने न्हाऊ घालून बसवली."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"सोळा वर्षांची होते. त्यांनी नाव विचारलं, तर मी वीरादेवी म्हणाले. मग म्हणाल्या, हिचा वार कुठला? मी शुक्रवार सांगितला." ती हसली. "आपली कवायत शुक्रवारी असायची ना!"

"शिकल्यासवरल्या मुलीने बिल्ल्याची देवी करायची? मी आत्ता तुझ्या सासूबाईंना सगळं समजावून सांगते आणि तो मागून घेते. माघात मेळावा आहे."

ती हसायची थांबली. "सांगा. पण मग शुक्रवार संपला, बाई. मामंजी मुलींना ओसरीवर पाऊल ठेवू देत नसत. आता ते थकलेत आणि थोरले भाऊजी त्यांच्यापेक्षा कडक आहेत. पण देवीच्या मुलींना कोणी नाही म्हणत नाही. आयाही पाठवतात. देवी गेली की मुली गेल्या. आणि मी इतकी वर्षं सासूबाईंना फसवलं, हे कळलं की या घरात माझं काय राहील?"

"तो नाही मिळाला, तर तबक तळाच्या खणात जाईल."

"मग काय झालं? लोक वाकून बघतील," ती म्हणाली.

रात्रभर मी चिडून कूस बदलत राहिले. मागितले असते तर मिळाले असते असे नाही, पण सत्य माझ्या बाजूला होते आणि सत्य बाजूला असूनही काही करता येत नाही, यासारखा मनस्ताप नाही.

सकाळी आणखी एक घोटाळा. ओली मखमल वाळावी म्हणून मी तबक मागच्या पडवीच्या कडेला उन्हात ठेवले होते. स्नान करून येते तो मोठी काकू तबकासमोर उभ्या! नऊ बिल्ले, नऊ कंदील, अठरा बूट, सगळे उन्हात लखलखत होते. विहिरीवरून कुमुदनेही ते पाहिले आणि ती घागर घेऊन तिथेच थिजली. काकूंनी खाली वाकून एक बिल्ला पाहिला, दहावा खळगा बोटाने चाचपला, खांद्यावरचे धूतवस्त्र तबकावर टाकले आणि एवढेच म्हणाल्या, "कावळे नेतील हो. चकाकतं ते नेतात." आणि पूजेला गेल्या.

निघायची वेळ झाली. गाडी जुंपली, वन्सं पाय लांब करून आत बसल्या. कुमुद त्यांच्यासाठी उशी आणायला गेली, तेवढ्यात काकूंनी मला माजघरात बोलावले आणि माझी ओटी भरू लागल्या.

"मास्तरीणबाई, एक खळगा रिकामाच नेता?"

मी ओटीचा पदर सावरला.

"दहावी आमच्याकडे आहे. ती देवी नव्हे, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बूट घातलेली देवी कोणी पाहिली आहे का हो?"

"मग बसवलीत कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हळू. पोर ती मुठीत धरून निजायची. आमच्या घरात तेव्हा पितळ दिसलं की ह्यांनी मोडीत घातलं असतं, आणि ते बूट दिसते तर पोरीलाही बोलले असते. देवघरातलं मात्र कोणी हलवत नाही. म्हणून बसवली." नारळ पदरात घालून त्या पुढे म्हणाल्या, "जानकीला सांगू नका. तिला वाटतं, ती मला फसवत्ये. इतकी वर्षं मी फसवून घेत्ये. आता उगाच तिचा हिरमोड कशाला?"

"मग मला..."

"हवी तर देते. तुमचीच आहे. उत्तरपूजा करीन, म्हणजे देवीला निरोप. पण मग देवी कुठे गेली ते मुलींना तुम्ही सांगायचं. चालेल?"

बाहेर ओसरीवर झांज वाजली. मुली आम्हांला पोचवायला आल्या होत्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभ्या होत्या, आणि रांगा सरळ होत्या, हे मला कबूल केले पाहिजे.

"राहू दे," मी म्हणाले. "पण काकू, एक ऐका. ती चिंचेने घासू नका. पितळ झिजतं. आकृती जाईल."

"आकृती नाही जात. मी पायच तेवढे घासत्ये," काकू म्हणाल्या. "रोज थोडे थोडे. बूट आता निम्मे गेले. आणखी काही वर्षांत अनवाणी होईल, मग कुणी काही विचारायला नको."

त्या बुटांसाठी मी अलिबागेत कोणाकोणाशी भांडले होते, ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी देवघरात गेले, वाकले, आणि तीन बोटांचा नमस्कार केला. डाव्या पायाची लेस अजून दिसत होती.

मुंबई

मेळाव्याच्या आधी मी दहाव्या खळग्याच्या मापाची एक गोल चिठ्ठी कापली आणि नीट अक्षरात लिहिले: 'दहावा. हरिहरेश्वर येथे पूजेत आहे.' हीच ती चिठ्ठी, बाळ. चिटणीसबाईंनी चष्मा लावून वाचली.

"पूजेत आहे म्हणजे? हरवला का?"

"नाही. पूजेत आहे."

"अहो, पण असं कोणी लिहितं का? हरवला असं लिहा."

"हरवलेला नाही," मी म्हणाले, आणि चिठ्ठी काढू दिली नाही. त्यांनी तबक तळाच्या खणात ठेवले. लोकांना खरेच वाकून पाहावे लागत होते. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि वाकणारा प्रत्येक जण मला तेच विचारी. शेवटी शेवटी मी उत्तर देणे सोडले.

विमल, माझ्यामागे हे तबक तुझ्याकडे यायचे आहे. संच पुरा करायच्या नादी लागू नकोस. कुमुदला यातले काही लिहून कळवू नकोस. कधी हरिहरेश्वरला गेलीसच, तर ओहोटी पाहून जा, दोरीला धर, देवीला नारळ घेऊन जा, आणि तुझे बूट मात्र ओसरीखाली काढून ठेव.